पात्राची नोंद : पडद्यावर दिसते तेवढेच

महाराष्ट्राला सहकार नवा नाही आणि ज्ञानकोशही नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड मराठी वाचकांच्या हाती दिले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे प्रचंड कार्य उभे राहिले. या दोन्ही कोशांमागे विद्वानांची मंडळे होती. संगणकाच्या युगात मात्र ज्ञानकोशाची एक निराळीच पद्धत रूढ झाली. २००१ साली विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश महाजालावर सुरू झाला आणि २००३ साली त्याची मराठी आवृत्ती निघाली. या कोशाला नेमलेले लेखक नाहीत. ज्याला लिहावेसे वाटते त्याने नोंद लिहावी, दुसऱ्याने ती दुरुस्त करावी, तिसऱ्याने तीत भर घालावी, अशी ही पद्धत आहे. सहकाराचे तत्त्व ज्ञानाच्या क्षेत्रात आणले तर काय घडते, याचे हे उदाहरण होय.

या कोशात लिहू लागणारे विद्यार्थी व हौशी लेखक बहुधा चित्रपटापासून आरंभ करतात. ते स्वाभाविकही आहे. चित्रपट सर्वांनी पाहिलेला असतो; त्याविषयी लिहावयास पदवी लागत नाही. नोंदीत दिग्दर्शकाचे नाव, प्रदर्शनाचे वर्ष, कथानक आणि कलावंतांची यादी येते. त्या यादीत नटाच्या नावापुढे पात्राचे नाव व त्याची एकदोन वाक्यांत ओळख असते. ही ओळख लिहिणे सर्वांत सोपे वाटते. परंतु सर्वाधिक चुका तेथेच होतात. प्रदर्शनाचे वर्ष चुकले तर कोणीतरी ते लगेच सुधारतो. पात्राची ओळख चुकली तर ती चूक आहे, हेच पुष्कळदा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही असा वाचक ती ओळ म्हणजेच ते पात्र असे धरून चालतो. पात्राचे वर्णन यथातथ्य कसे करावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक चुकलेले वाक्य

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी अशा लेखनाचा वर्ग भरला होता. नमुना म्हणून प्रस्तुत लेखकाने फळ्यावर आठवणीवरून एक वाक्य लिहिले : ‘परशुराम हा श्वास या चित्रपटातील आंधळा मुलगा.’ वाक्य सुटसुटीत होते. कोणाला खटकण्यासारखे वाटले नाही. तोच मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली. ‘सर, तो आंधळा नाही. त्याला दिसत असतं. म्हणून तर आजोबा त्याला दवाखान्याबाहेर घेऊन जातात,’ असे ती म्हणाली.

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही तो पाठविला गेला. खेड्यातील एका मुलाला डोळ्यांचा कर्करोग झालेला आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल; पण दृष्टी जाईल. त्याचे आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी त्याला रुग्णालयातून बाहेर नेतात आणि जग डोळे भरून पाहू देतात. अश्विन चितळे या बालकलाकाराने परशुरामाची आणि अरुण नलावडे यांनी आजोबांची भूमिका केली. मुलगा आरंभापासून आंधळा आहे असे लिहिले, की आजोबांच्या त्या धडपडीला अर्थच उरत नाही. एका विशेषणाने सारा चित्रपट पुसला गेला होता.

वर्ग संपल्यावर ती मुलगी पुन्हा भेटली. तिच्या धाकट्या भावाला लहानपणी याच रोगात एक डोळा गमवावा लागला होता. ‘गावात सगळे त्याला आंधळाच म्हणतात, सर. दुसऱ्या डोळ्यानं त्याला नीट दिसतं,’ एवढेच तिने सांगितले. फळ्यावरचे वाक्य तर पुसता आले. परंतु कोशातील वाक्य शेकडो ठिकाणी उतरवून घेतले जाते. विकिपीडियातील मजकूर मूळ स्रोताचा उल्लेख करून कोणालाही वापरण्याची मुभा असल्यामुळे तेथील चूक इतर संकेतस्थळांवर, शाळेच्या प्रकल्पवहीत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जाऊन बसते. मूळ नोंद सुधारली तरी त्या प्रती सुधारत नाहीत.

दिसलेले आणि वाटलेले

पहिले पथ्य असे, की पडद्यावर जे दिसते आणि ऐकू येते तेवढेच आपल्या शब्दांत लिहावे. त्याचा जो अर्थ आपल्याला लागला तो आपल्यापाशी ठेवावा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाचा शेवट अनेकांना आठवत असेल. जांबुवंत माने ऊर्फ जब्या हा शाळकरी मुलगा हिणवणाऱ्यांच्या दिशेने दगड भिरकावतो. अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि चित्रपट संपतो. एवढे पडद्यावर दिसते. तो दगड जातिव्यवस्थेवर आहे, की ते दृश्य मुकाट्याने पाहणाऱ्या प्रेक्षकावर आहे, हे मात्र दिसत नाही. ते आपण समजतो. आपली समजूत बरोबर असेलही. तरीसुद्धा कोशाने ती स्वतःच्या आवाजात सांगू नये. एखाद्या समीक्षकाने तसे प्रसिद्ध लेखात म्हटले असेल, तर त्याच्या नावानिशी व संदर्भासह ते जरूर द्यावे. विकिपीडियाच्या तटस्थता आणि पडताळणी या दोन तत्त्वांचा पात्रवर्णनाच्या बाबतीत हाच अर्थ होतो. कथानकातील उघड घटनांना चित्रपट हाच आधार पुरेसा असतो. त्यांच्या अर्थाला बाहेरचा आधार लागतो.

विशेषणांच्या बाबतीत तर विशेष सावध असावे. डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) हा चित्रपट शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला आहे. स्मिता पाटील यांनी रंगविलेल्या नायिकेची नोंद कोणी अशी करील :

‘सुलभा ही वकील सुभाष महाजन यांची महत्त्वाकांक्षी व हट्टी पत्नी. नोकरीच्या हव्यासापायी ती लहान मुलीला वाऱ्यावर सोडते व अखेर स्वतःचा संसार मोडून घेते.’

या दोन वाक्यांत घटना किती आणि निवाडे किती, हे वाचकांनी मोजून पाहावे. ‘हट्टी’, ‘हव्यास’, ‘वाऱ्यावर सोडणे’, ‘मोडून घेणे’ हे सर्व निवाडे आहेत. त्यातही ते चित्रपटातील सासरच्या माणसांचे निवाडे आहेत. कोशकाराने नकळत त्यांची बाजू घेतली आहे. उलट ‘पुरुषी अन्यायाविरुद्ध झगडणारी तेजस्वी स्त्री’ असे लिहिले तरी दोष तोच. फक्त बाजू बदलते. घटनांपुरते लिहावयाचे झाल्यास नोंद पुढीलप्रमाणे होईल :

‘सुलभा महाजन (स्मिता पाटील) : समाजकार्याचे शिक्षण घेतलेली विवाहित स्त्री. मुलीला सासरी ठेवून ती परगावच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी स्वीकारते. आश्रमातील गैरकारभाराला विरोध करते. चौकशीला तोंड द्यावे लागल्यावर ती राजीनामा देऊन घरी परतते. पतीचे अन्य स्त्रीशी संबंध असल्याचे कळल्यानंतर ती पुन्हा घर सोडते.’

या नोंदीत विशेषणे जवळजवळ नाहीत. तरीही, किंवा म्हणूनच, सुलभा कोण आहे हे वाचकाला अधिक कळते. तिच्याविषयीचे मत तो स्वतः बनवू शकतो.

नट, पात्र आणि खरी व्यक्ती

दुसरे पथ्य म्हणजे तीन निराळ्या गोष्टी निराळ्या ठेवणे : भूमिका करणारा नट, कथेतील पात्र आणि असलीच तर त्या पात्रामागची प्रत्यक्षातील व्यक्ती. आपल्या चित्रपटसृष्टीच्या आरंभापासून हा गुंता आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये राणी तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, कारण स्त्रिया त्या काळी चित्रपटात काम करण्यास राजी नव्हत्या. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) मध्ये तर साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. येथे नट एक, पात्रे दोन. याच्या नेमके उलट उदाहरण ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या लोकप्रिय विनोदी चित्रपटाचे. भाड्याची खोली मिळावी म्हणून सुधीर हा सुधा बनतो आणि परशुराम पार्वती बनतो. सुधा व पार्वती ही स्वतंत्र पात्रे नव्हेत. ती सोंगे आहेत. यादीत त्यांची वेगळी नोंद केली तर चित्रपट न पाहिलेल्या वाचकाला तेथे दोन स्त्रिया आहेत असेच वाटेल.

संतपटांत व चरित्रपटांत हे भान आणखी अगत्याचे ठरते. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या दामले-फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपटात सालोमालो हा तुकारामांचा द्वेष करणारा दाखविला आहे. हा चित्रपटातील सालोमालो होय. ‘चित्रपटात असे दाखविले आहे’ असे लिहिले की काम भागते. तेच वाक्य इतिहास म्हणून लिहिले, तर पटकथेतील प्रसंगांना संशोधनाची प्रतिष्ठा मिळते. तद्वतच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) मधील फाळके आणि ज्यांच्या जीवनावर तो बेतला आहे ते फाळके यांच्या माहितीची सरमिसळ होऊ देऊ नये.

राजकीय चित्रपटांच्या बाबतीत तर हे पथ्य न पाळल्यास जिवंत माणसाच्या नावाला धक्का लागू शकतो. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ व ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवर आधारित ‘सिंहासन’ (१९७९) पाहताना, हा मुख्यमंत्री म्हणजे अमुक आणि तो अर्थमंत्री म्हणजे तमुक, असे तर्क प्रेक्षक करीत आले आहेत. चहाच्या दुकानात असे तर्क शोभतात. कोशात मात्र अरुण सरनाईक यांनी मुख्यमंत्री जिवाजीराव, डॉ. श्रीराम लागू यांनी अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि निळू फुले यांनी पत्रकार दिगू टिपणीस रंगविला, एवढेच लिहिता येते. एखाद्या खऱ्या नेत्याचे नाव तेथे जोडावयाचे तर लेखकाने वा दिग्दर्शकाने तसे जाहीरपणे सांगितल्याचा पुरावा हवा.

कोणाला काय माहीत आहे

काही कथांमध्ये पात्राची ओळख हाच कथेचा गाभा असतो. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) मध्ये आदर्श म्हणून पूजिले जाणारे गुरुजी तमाशातील नर्तकीच्या नादी लागतात. पुढे घडलेल्या खुनात मृत व्यक्ती गुरुजीच आहेत असे गाव समजते व त्यांचा पुतळा उभारते. आणि जिवंत गुरुजींवरच गुरुजींच्या खुनाचा आरोप येतो. अशा ठिकाणी ‘गुरुजींचा खून होतो’ हे वाक्य असत्य, तर ‘गुरुजींचा खून झाला असे गावकरी समजतात’ हे वाक्य सत्य. प्रेक्षकाला ठाऊक असलेले आणि पात्रांना ठाऊक असलेले यांतील अंतर नोंदीत राखलेच पाहिजे. ‘समजतात’, ‘सांगतो’, ‘आरोप करते’ ही क्रियापदे येथे फार उपयोगी पडतात.

शेवट उघड करू नये म्हणून अर्धवट लिहिण्याची मात्र गरज नाही. जुन्या काळी चित्रपटगृहात मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकेत कथासार निम्म्यावर तोडून ‘पुढे काय झाले ते पडद्यावर पाहा’ असे सुचविले जाई. ती जाहिरात होती. ज्ञानकोश जाहिरात करीत नाही. त्याने कथा पूर्ण सांगावी.

‘तो’ की ‘ते’ ?

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी एक अडचण येते. आपली भाषा माणसाचा उल्लेख करताच त्याची पायरी ठरविते. वर ‘उंबरठा’ची जी नमुना-नोंद दिली, तिच्यातील पहिल्या नोंदीत सुभाष महाजन ‘यांची’ पत्नी आहे आणि सुलभा मात्र ‘ती’ आहे. पतीला आदरार्थी आणि पत्नीला एकेरी! लिहिणाऱ्याच्या मनात काही नसेल. पण हातातून उतरले खरे. ‘फँड्री’ची नोंद लिहिताना पाटील ‘सांगतात’ आणि जब्याचे वडील कचरू डुकरे ‘पकडतो’, असे आपण सहज लिहून जातो. ज्या उतरंडीविषयी तो चित्रपट आहे, तीच उतरंड कोशाच्या व्याकरणात उतरते. वरच्या परिच्छेदात प्रस्तुत लेखकानेही मंत्र्यांचे नाव घेऊन पत्रकाराला ‘रंगविला’ असे एकेरीत बसविले आहे. वाचकांच्या ते ध्यानात आले असेल.

यावर उपाय साधा आहे. एका नोंदीत सर्व काल्पनिक पात्रांना एकच माप लावावे. सर्व प्रौढ पात्रे आदरार्थी तरी लिहावीत किंवा सर्व एकेरी तरी. हुद्दा, जात, पैसा अथवा स्त्री-पुरुष भेद यांवरून माप बदलू नये. नट व दिग्दर्शक या प्रत्यक्षातील व्यक्तींचा उल्लेख मात्र आदरार्थीच असावा.

जातीच्या व व्यवसायाच्या उल्लेखाबाबतही असेच. कथेला आवश्यक असेल आणि चित्रपटातून अथवा विश्वसनीय लेखनातून स्पष्ट होत असेल, तेव्हाच तो करावा. आडनावावरून वा पेहरावावरून तर्क करू नये. ‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीतील असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. चित्रपटात गावातील मुले तो हिणविण्यासाठी वापरतात. ‘मुले त्याला या शब्दाने हिणवितात’ असे लिहिणे यथार्थ होय. तोच शब्द जब्याची ओळख म्हणून वापरणे म्हणजे त्या मुलांच्या घोळक्यात जाऊन उभे राहणे होय.

लिहिणाऱ्यांसाठी काही सूचना

(१) आठवणीवरून लिहू नये. चित्रपट पुन्हा पाहावा आणि वही जवळ ठेवावी. आपण ज्या प्रसंगाविषयी निःशंक असतो, तोच पुष्कळदा निराळा निघतो.

(२) नावे श्रेयनामावलीतून जशीच्या तशी घ्यावीत. पात्राचे पूर्ण नाव प्रथम द्यावे आणि टोपणनाव त्यानंतर.

(३) कथेतील घटना वर्तमानकाळात लिहाव्यात. चित्रपटाची निर्मिती, प्रदर्शन व पुरस्कार भूतकाळात. कथा केव्हाही पाहिली तरी तशीच घडते. चित्रीकरण मात्र एकदाच होऊन गेलेले असते.

(४) वर्तमानपत्रातील परीक्षण किंवा निर्मात्याची प्रसिद्धिपत्रिका उतरवून काढू नये. त्यात स्वामित्वहक्काचा भंग होतो आणि जाहिरातीची भाषा कोशात शिरते.

(५) प्रत्येक विशेषणाला एक प्रश्न विचारावा : हे मी पाहिले, की मला वाटले? वाटले असेल तर ते काढून त्या जागी घटना लिहावी.

(६) दुसऱ्याच्या नोंदीत बदल करताना त्याचे कारण थोडक्यात नोंदवावे. मतभेद असल्यास नोंदीला जोडलेल्या चर्चापानावर तो मांडावा. प्रत्येक बदलाचा इतिहास जतन होत असल्याने मागील मजकूर नाहीसा होत नाही. म्हणून वाद घालण्याची घाई नको, आणि दुरुस्ती करण्याचा संकोचही नको.

जे आता पाहता येत नाही

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. चित्रपट उपलब्ध आहे. ज्याला शंका वाटेल त्याने तो पाहावा. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच चित्रपटांच्या इतिहासात आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसाठी प्रदर्शित झाला. त्याचा आज काही भागच शिल्लक आहे. आणि तोही १९१३ च्या मूळ चित्रपटाचा, की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) हा मूकपट कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा सांगणारा; त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. तो मूकपट आज उपलब्ध नाही. १९३६ साली याच कथेवर बोलपट निघाला. पण त्यावरून मूकपटातील शेतकऱ्याचे वर्णन करणे म्हणजे एकाची हकीकत दुसऱ्याच्या नावावर घालणे होय. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तोपर्यंत आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते.

त्या शेतकऱ्याविषयी आपल्यापाशी जे काही उरले आहे ते पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेले शब्दच. कोणी नेमके लिहिले तेथे तो दिसतो. कोणी नुसतेच ‘हृदयद्रावक’ म्हणून ठेवले तेथे काहीच दिसत नाही. आज सहज पाहावयास मिळणारे चित्रपट आणखी शंभर वर्षांनी मिळतीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. तेव्हा कोणी परशुरामाविषयी विचारील, सुलभेविषयी विचारील, जब्याविषयी विचारील. त्या वेळी त्यांच्या बाजूने बोलावयास आपली दोन वाक्ये असतील.

त्या वर्गात फळ्यावरचे वाक्य त्याच विद्यार्थिनीने पुसले आणि त्या जागी लिहिले : ‘परशुराम : डोळ्यांचा कर्करोग झालेला लहान मुलगा. शस्त्रक्रियेनंतर त्याची दृष्टी जाणार असते. त्यापूर्वी त्याचे आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेतात.’ त्यात एकही मोठा शब्द नव्हता. नोंद अशी असावी.